नोटीस कोणाची, देणे कोणाला

विषयाच्या ओळीत एक लांबलचक संदर्भ क्रमांक असतो. मेल उघडली की आपल्याच वेबसाइटच्या एका पानाचा स्क्रीनशॉट दिसतो, त्यावर तारीख आणि वेळ. शेजारी तोच फोटो मूळ रूपात. खाली इंग्रजीत, सभ्य पण कडक शब्दांत मजकूर: या छायाचित्राचे हक्क आमच्या अशिलाकडे आहेत, तुम्ही परवाना घेतल्याची नोंद आमच्याकडे नाही, घेतला असेल तर पाठवा, नसेल तर आजवरच्या वापराबद्दल अमुक इतके युरो अमुक तारखेपर्यंत भरा. पैसे भरायची लिंक तिथेच असते. फोटो आता काढून टाकलात तरी मागच्या वापराचे देणे संपत नाही, हेही बजावलेले असते. शेवटच्या परिच्छेदात वकील आणि कोर्ट येतात.

मोठ्या कंपनीला असे पत्र आले तर ते तिच्या कायदा विभागाच्या टेबलावर जाते. दापोलीजवळच्या होमस्टेवाल्याला, लातूरच्या क्लासवाल्याला किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाची वेबसाइट हौसेने सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला आले, तर त्याची झोप उडते. मग दोनपैकी एक घडते. एक तर माणूस घाबरून कार्ड काढतो आणि मागितली तेवढी रक्कम भरून टाकतो. नाही तर ‘फसवणुकीची मेल असेल’ म्हणून फोटो काढतो, मेल पुसतो आणि विषय सोडून देतो. मला दोन्ही चुकीचे वाटते, आणि कारण एकच आहे. हा फोटो काढला कोणी, आणि मागितलेल्या पैशांतले त्याच्यापर्यंत काही पोचणार आहे का, हे दोघांपैकी एकानेही विचारलेले नसते.

या पत्रांमागे जे तंत्र आहे ते मुळात छायाचित्रकारांच्या फायद्याचे आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपला फोटो कुठल्या देशातल्या कुठल्या पानावर लागला आहे हे कळायचा मार्गच छायाचित्रकाराकडे नव्हता. मग चित्रावरून चित्र शोधणारी यंत्रणा आली. इस्रायलमधल्या पिकस्काउट या कंपनीने हेच काम व्यापारी पातळीवर केले आणि २०११मध्ये फोटो परवान्याने विकणाऱ्या गेटी इमेजेसने ती विकत घेतली. आज या कामात अनेक कंपन्या आहेत. त्यांचे प्रोग्राम रात्रंदिवस वेबसाइटी धुंडाळतात, फोटो जुळला की पत्र निघते आणि वसुलीतला वाटा कंपनीला मिळतो. यंत्राला फोटो बिनचूक ओळखता येतो. पण तुम्ही तो तीन वर्षांपूर्वी एखाद्या स्टॉक साइटवरून रीतसर विकत घेतला होता का, तो सर्वांसाठी खुला आहे का, पत्र पाठवणाऱ्याकडे त्याचा हक्क खरोखर आहे का, यातले काहीच त्याला ओळखता येत नाही. तरीही पत्राचा सूर मात्र सगळे सिद्ध झाल्यासारखा असतो.

कॅरोल हायस्मिथ यांचे प्रकरण यासाठी नीट समजून घेण्यासारखे आहे. या अमेरिकी छायाचित्रकार बाईंनी १९८८पासून आपले हजारो फोटो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, कोणीही फुकट वापरावेत म्हणून. त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या वेबसाइटवर त्यांनीच काढलेला एक फोटो होता. त्याबद्दल त्यांच्या संस्थेला १२० डॉलर भरण्याची मागणी आली. ॲलमी या फोटोसंस्थेच्या वतीने वसुली करणाऱ्या कंपनीने ती पाठवली होती. बाईंनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा त्यांचे १८,७५५ फोटो गेटीच्या साइटवर पैसे घेऊन दिले जात असल्याचे आढळले. २०१६च्या जुलैमध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाईचा दावा लावला. इथवरची गोष्ट पुष्कळांनी आवडीने सांगितली. पुढची तितकी सांगितली जात नाही: त्याच वर्षी न्यायाधीश जेड रेकॉफ यांनी कॉपीराइटखालचे दावे फेटाळले आणि उरलेले प्रकरण आपसात मिटले. सर्वांसाठी खुल्या केलेल्या वस्तूवरचा हक्क देणाऱ्याकडेही उरत नाही. ती विकायला कायद्याने कोणाला अडवता येत नाही, असा गेटीचा बचाव होता. विकण्यापुरते ते मान्य करू. पण जी वस्तू सर्वांची आहे तिच्या वापराबद्दल तिसऱ्याला दंड मागायचा अधिकार त्यातून निघत नाही. त्या १२० डॉलरच्या पत्राच्या मागे हक्काचा कोणताही कागद नव्हता. हायस्मिथ यांच्या जागी दुसरी कोणी छोटी संस्था असती तर तिने ते पैसे निमूट भरले असते.

याच्या बरोबर उलट बाजू हैतीचे छायाचित्रकार डॅनिएल मोरेल यांच्या प्रकरणात दिसते. १२ जानेवारी २०१०ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा मोरेल पोर्ट-ओ-प्रिन्समध्येच होते. ढिगाऱ्यांतून फिरून काढलेले फोटो त्यांनी त्याच दिवशी ट्विटरशी जोडलेल्या एका सेवेवर टाकले. दुसऱ्याच एका माणसाने ते उचलून आपल्या नावाने टाकले. फ्रान्सच्या एएफपी या वृत्तसंस्थेने ते तिथून घेतले, आणि गेटीमार्फत ते जगभरच्या वर्तमानपत्रांत पोचले. मोरेल यांनी हक्क सांगितला तेव्हा एएफपीनेच उलट त्यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला: आम्ही काही उल्लंघन केलेले नाही असे जाहीर करा. ट्विटरवर टाकलेला फोटो सगळ्यांना वापरता येतो, हा त्यांचा युक्तिवाद टिकला नाही. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये ज्युरीने एएफपी आणि गेटीला मिळून सुमारे १२ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. आठ फोटोंसाठी माणूस जवळजवळ चार वर्षे लढला.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की माझे म्हणणे काय ते कळेल. छायाचित्रकाराचा हक्क खरा आहे आणि तो पुरेपूर मानला पाहिजे. त्याच्या नावाने वसुलीला आलेल्याचा दावा मात्र दर वेळी तपासून घेतला पाहिजे. हा तपास म्हणजे पळवाट नव्हे. पैसे योग्य हातात पडावेत यासाठीच तो करायचा.

आधी आपली बाजू प्रामाणिकपणे तपासू. ‘फोटो गुगलवर मिळाला’, ‘खाली सौजन्य: इंटरनेट असे लिहिले आहे’, ‘आमची संस्था ना-नफा आहे’, ‘एवढ्याशा फोटोने कोणाचे काय बिघडले’ ही चार उत्तरे आपल्याकडे हटकून ऐकू येतात आणि कायद्यापुढे चारही लंगडी पडतात. जर्मनीत एका शाळेतल्या विद्यार्थ्याने स्पॅनिशच्या वर्गासाठी कोर्दोबा शहराचा फोटो एका पर्यटन साइटवरून घेतला. त्याने खाली त्या साइटचे नावही लिहिले होते. शाळेने तो प्रकल्प आपल्या वेबसाइटवर ठेवला. छायाचित्रकाराने ४०० युरो मागितले, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, आणि ऑगस्ट २०१८मध्ये न्यायालयाने छायाचित्रकाराच्या बाजूने कौल दिला: एका साइटवर ठेवायला दिलेली परवानगी दुसऱ्या साइटला लागू होत नाही. विद्यार्थ्याबद्दल सहानुभूती वाटते, मलाही वाटते. पण ‘सौजन्य’ हा शब्द ऋण मान्य करतो, परवानगी देत नाही, एवढे त्यातून घेतलेच पाहिजे.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही फोटो ही कलाकृती आहे. संरक्षणासाठी नोंदणीची गरज नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर ते संरक्षण छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यापुढे ६० वर्षे टिकते. परदेशी फोटोंनाही ते मिळते. समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त, खासगी अभ्यास यांसाठी कलम ५२ सवलत देते, पण होमस्टेच्या जाहिरातीत सूर्यास्त लावणे त्यात बसत नाही. फोटोवरचे नाव मुद्दाम कापून टाकणे तर कलम ६५बखाली शिक्षेस पात्र गुन्हा आहे. आणि जाणूनबुजून उल्लंघन केले तर कलम ६३ तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये म्हटले आहे. त्यामुळे मेल पुसून मोकळे होणे धोक्याचे आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी तर तसे मुळीच करू नये. तिथे जून २०२२पासून ३० हजार डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी कॉपीराइट क्लेम्स बोर्ड चालू आहे. त्याची रीतसर नोटीस लागू झाल्यापासून ६० दिवसांत ‘आम्हाला हे बोर्ड मान्य नाही’ असे कळवले नाही, तर गैरहजेरीतही निर्णय होऊ शकतो.

आता पत्राची दुसरी बाजू. पत्रात पुष्कळदा दीड लाख डॉलरच्या भरपाईचा उल्लेख असतो. हा आकडा अमेरिकी कायद्यातला आहे. तिथे ठरीव भरपाई एका कलाकृतीला ७५० ते ३० हजार डॉलर असते, आणि हेतुपुरस्सर उल्लंघनाला ती दीड लाखापर्यंत जाते. पण ती मागता येण्यासाठी फोटोची नोंदणी उल्लंघनाआधी, किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांत झालेली असावी लागते. म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्याने पहिल्यांदा विचारायचे ते नोंदणीचा क्रमांक आणि तारीख. भारतात अशी ठरीव भरपाईच नाही. इथे नुकसान सिद्ध करावे लागते. अमेरिकी न्यायालयाचा हुकूमनामा इथे थेट बजावता येत नाही, त्याच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो. ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयांचा मात्र बजावता येतो, हा फरक लक्षात ठेवावा. पत्र भारतात पाठवायचे आणि भीती अमेरिकी आकड्यांची घालायची, ही पद्धत मला सरळ सरळ अन्यायाची वाटते.

या अन्यायाची जाण आपल्या कायदेकर्त्यांना होती. कलम ६० त्यासाठीच आहे. निराधार दाव्यावरून कोणी कोर्टाच्या धमक्या देत असेल, तर धमकी मिळालेला माणूस स्वतः कोर्टात जाऊन ‘उल्लंघन झालेले नाही’ असे जाहीर करून मागू शकतो, धमक्या थांबवू शकतो, नुकसानही वसूल करू शकतो. धमकी देणाऱ्याने वेळेत स्वतः दावा लावला तर मात्र हे कलम लागू होत नाही. होमस्टेवाला उद्या उठून असा दावा लावेल असे मी म्हणत नाही. त्याला तो खर्च परवडणार नाही. पण उत्तरात या कलमाचा एका ओळीत उल्लेख केला की पत्र पाठवणाऱ्याला कळते, समोरच्याने कायदा वाचला आहे.

उत्तर कसे द्यावे? फोटो लगेच उतरवावा, पण त्याआधी पान, अपलोडची तारीख आणि वेबसाइट बनवणाऱ्याचे बिल जपून ठेवावे. वर्डप्रेसमध्ये पानावरून फोटो काढला तरी फाइल मीडिया लायब्ररीत राहते आणि तिचा थेट पत्ता चालूच असतो. तिथूनही ती काढावी, नाही तर तोच प्रोग्राम पुन्हा येतो. मग शोध घ्यावा. बऱ्याचदा फोटो आपण घेतलेलाच नसतो. वेबसाइट करून देणाऱ्याने नमुन्यातले चित्र तसेच ठेवलेले असते. त्यामुळे आपली जबाबदारी टळत नाही, वेबसाइट आपली म्हणजे देणे आपले. पण करारात तशी अट असेल तर ते पैसे त्याच्याकडून मागता येतात. नसेल तर पुढच्या करारात घालावी.

पत्राला उत्तर मोजके असावे. ‘फोटो उतरवला आहे. दाव्याची शहानिशा करायची आहे. छायाचित्रकाराचे नाव, प्रथम प्रकाशनाची तारीख, त्याने हक्क तुमच्याकडे दिल्याचा लेखी करार, तुम्हाला वसुलीचा अधिकार दिल्याचे पत्र, आणि याच फोटोचा अशा वापराचा नेहमीचा दर कळवावा. हे उत्तर आमचे सर्व हक्क राखून दिले आहे.’ बस. शिकाऊ मुलाने केले, सर्व्हर हॅक झाला, असल्या थापा मारू नयेत. त्या पुढे कोर्टात नडतात. आणि कोर्टात नडल्या नाहीत तरी मारू नयेत. उत्तरातल्या प्रत्येक मागणीला आधार आहे. आपल्या कायद्यात हक्कांचे हस्तांतर लेखीच लागते. नुसत्या वसुली प्रतिनिधीला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही. एकमेव परवाना असलेल्यालाही साधारणपणे मूळ मालकाला दाव्यात सामील करून घ्यावे लागते. आपणच पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोबद्दल पत्र आले असेल तर कलम १७ पाहावे: उलट करार नसेल तर अशा फोटोचा पहिला मालक काढून घेणाराच असतो.

पुरावा मागणे ही चुकवेगिरी आहे, असा आक्षेप मी छायाचित्रकारांकडूनही ऐकला आहे. त्यांचा राग रास्त आहे. वर्षानुवर्षे चोरी सोसलेल्याला आणखी कागद मागितले की चीड येणारच. पण ज्याच्याकडे कॅमेऱ्यातली मूळ फाइल आहे, त्याच दुपारचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत, त्याला मालकी दाखवणे अवघड नसते. फोटोवर त्याचे नाव छापलेले असेल तर आपला कायदा तोच निर्माता असल्याचे गृहीत धरतो. अडचण होते ती कागद नसलेल्या वसुलीदाराची.

शहानिशा झाली, दावा खरा निघाला, की मग घासाघीस करताना मन कोते ठेवू नये. समजा, त्या आकाराच्या फोटोचा वेबसाइटसाठीचा वर्षाचा दर दोन हजार रुपये आहे आणि मागणी साठ हजारांची आहे, तर साठ हजारांचा हिशेब मागावा. पण दोन हजारांवर अडूनही बसू नये. पकडल्यावर फक्त मूळ दरच द्यायचा असेल तर आधी परवाना कोण घेईल? दर, वापराची वर्षे आणि शोधायला झालेला वाजवी खर्च मिळून जी रक्कम होते ती द्यावी. ती कोणाच्या वतीने घेतली, कोणत्या फोटोबद्दल, आणि मागच्या सगळ्या वापराचे देणे फिटले, हे लिहून घेतल्याखेरीज पैसे सोडू नयेत.

एक प्रकार मात्र मला मुळीच मान्य नाही. विकिमीडिया कॉमन्सवर फोटो खुल्या परवान्याने ठेवायचा, वापरणाऱ्याने नाव लिहिले पण परवान्याची लिंक द्यायला विसरला की गाठायचे, आणि शेकड्यांनी डॉलर मागायचे. असे खुले परवाने तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या ३.० पर्यंतच्या परवान्यांत अट मोडली की परवाना तत्क्षणी संपतो, त्या फटीवर हा धंदा चालतो. २०१३मधल्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना पुन्हा सुरू होतो. वसुली हा व्यवसाय होऊ नये, अट पाळली जाणे हाच हेतू असावा, असे ती संस्था स्वतः सांगते. अशा पत्राला उत्तर देताना परवान्याची आवृत्ती पाहावी, नाव-लिंक तत्काळ दुरुस्त करावी, आणि रकमेबाबत ठाम राहावे.

आणि आता आपल्या घरचे. परदेशी पत्र आले की आपण वकील शोधतो, पण साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या छायाचित्रकाराने ‘माझा वारीचा फोटो तुमच्या पेजवर बिननावाचा लागला आहे’ असा व्हॉट्सॲप केला तर बहुतेक वेळा उत्तरही देत नाही. त्याने पालखीच्या वाटेवर पहाटेपासून उभे राहून काढलेला फोटो दहा पोर्टलांवर फिरतो, त्याचे नाव कुठेच नसते. नाव गाळण्याची ही सवय जुनी आहे. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. त्या काळातल्या संपादकांना स्त्रीचे नाव जड गेले असेल. आजच्या संपादकांना कोणाचेच नाव जड जाऊ नये. माझ्या मते साताऱ्याच्या त्या व्हॉट्सॲपला युरोमधल्या पत्राइतकेच, किंबहुना आधी उत्तर मिळाले पाहिजे. तिथे मध्ये वसुलीदार नाही, संशयाला जागा नाही, फोटो काढणारा स्वतः बोलतो आहे.

त्याला उत्तर मिळत नाही, कारण त्याच्या मागे दहशत नाही. आपल्याकडे कॉपीराइटचा दिवाणी दावा जिल्हा न्यायालयाखाली चालत नाही. पाच हजारांच्या फोटोसाठी तिथे कोण जाणार? ब्रिटनमध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचे असे दावे छोट्या दाव्यांच्या सोप्या पद्धतीने चालतात. आपल्याला त्यासाठी नवी यंत्रणा उभारत बसायचीही गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत बँकांची आणि वीजबिलांची थकबाकी दाखलपूर्व प्रकरणे म्हणून मिटतात, आणि तिथल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. फोटोंच्या छोट्या देण्यांची प्रकरणे तिथे घ्यायला हवीत. छायाचित्रकारांच्या जिल्हा संघटनांनी दर लोकअदालतीआधी आपल्या सभासदांचे अर्ज एकत्र करून प्राधिकरणाकडे द्यावेत. अर्जासोबत मूळ फाइल, पोर्टलचा स्क्रीनशॉट आणि आपला नेहमीचा दर, एवढे कागद पुरेत.